मियामी ते गोवा: वाचा गेलेल्या तारवट्याला घरी आणताना

डिचोली तालुक्यातला ४९ वर्षांचा तारवटी. बहामासच्या झेंड्याखालच्या एका क्रूझ जहाजावर स्वयंपाकी. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ असताना पहाटे अंथरुणावरून उठता येईना, उजवा हात-पाय लुळा, तोंडातून शब्द नाही. मियामीत उतरवलं, रुग्णालयात निदान झालं: मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीत गुठळी अडकून झालेला पक्षाघात. जुना रक्तदाब, जुना मधुमेह. सव्वीसाव्या दिवशी त्याला नेहमीच्या प्रवासी विमानाने, आखातात विमान बदलून, गोव्याला आणायचं ठरलं. सोबतीला डॉक्टर आणि नर्स, दोघेही गोव्यातले.

हे प्रकरण नमुन्यादाखल आहे. अशा प्रवासांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या गोष्टी एका रुग्णावर बसवून मांडल्या आहेत. यातला एकही बिघाड केवळ विमान हवेत असल्यामुळे जन्माला आलेला नाही. काही तिथे दिसले एवढंच. मूळ प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या सांध्यात होतं: खाटेवरून खुर्चीत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका देशाच्या कागदावरून दुसऱ्या देशाच्या कागदावर.

निघण्याआधीची स्थिती

पक्षाघाताची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएसवर ११ गुण. उजवा हात पूर्ण निकामी, उजवा पाय गादीवर सरकवता येतो, उचलता येत नाही. बोलणं जवळजवळ नाही. सोप्या सूचना कळतात, पण 'हो' आणि 'नाही' यांवर भरवसा ठेवता येत नाही. गिळताना ठसका लागतो म्हणून नाकातून पोटात नळी. लघवीसाठी कॅथेटर. नवव्या दिवशी अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला होता. सात दिवसांचं प्रतिजैविक संपलं, छातीचा फोटो साफ, साध्या हवेवर ऑक्सिजन सॅच्युरेशन ९५ टक्के. दुसऱ्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, सूज उतरलेली. पायांतल्या रक्तप्रवाहाच्या डॉप्लर तपासणीत गुठळी नाही.

दिवसांच्या हिशोबाने तो उड्डाणाला केव्हाच योग्य होता. विमान कंपन्यांचे डॉक्टर साधारणपणे पहिले चार दिवस नाहीच म्हणतात, पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत प्रकृती स्थिर असेल तर नर्ससोबत परवानगी देतात. इथे घाई वेगळीच होती. जहाजावरच्या खलाशाला अमेरिकेत उतरण्याची परवानगी जास्तीत जास्त २९ दिवसांची असते आणि जहाज कंपनीचा स्थानिक एजंट रोज तारीख मोजत होता. अशा वेळी पथकाने एक गोष्ट ठाम सांगायची असते: वैद्यकीय कारणाने पुढे थांबण्याची परवानगी काढायचं काम एजंटचं आहे, रुग्ण तयार नसेल तर तारीख बघून विमान पकडायचं नाही. इथे रुग्ण तयार होता म्हणून वाद वाढला नाही.

स्ट्रेचर की सपाट होणारी सीट

विम्याच्या बाजूने आधी स्ट्रेचरचा प्रस्ताव आला. इकॉनॉमीच्या मागच्या भागात सहा ते नऊ सीट पाडून त्यांवर स्ट्रेचर बसवतात, भोवती पडदा. बसवायला कंपनीला दोन-तीन दिवसांची पूर्वसूचना लागते, सगळ्या कंपन्या ते नेत नाहीत, आणि दोन विमानं असली की दोन्ही विमानांत ते बसायला हवं. फायदा एकच, पण मोठा: रुग्णाला बसवावं लागत नाही. बिझनेस क्लासची सपाट होणारी सीट स्वस्त पडते आणि रुग्णाजवळ पोचायला सोपी. मात्र उड्डाणाला आणि उतरताना ती सरळ करावीच लागते. मियामीसारख्या ठिकाणी दार बंद झाल्यापासून सीटबेल्टचा दिवा विझेपर्यंत पाऊण तास सहज जातो.

त्यामुळे निर्णय रिपोर्ट वाचून होत नाही, खुर्चीत बसवून होतो. पहिल्या चाचणीत पंचविसाव्या मिनिटाला तो उजवीकडे कलंडला, वरचा रक्तदाब १४२ वरून ११८ वर आला, चेहरा पांढरा पडला. इथेच सीटचा पर्याय बाद करणं सोपं होतं. पण तीन आठवडे अंथरुणात असलेल्या कुणाचंही पहिल्यांदा बसताना हेच होतं. पुढचे दोन दिवस फिजिओथेरपिस्टने दिवसातून तीनदा बसवलं, कमरेला रुंद पट्टा, उजव्या कुशीला गुंडाळलेली चादर, पाय खाली न सोडता स्टुलावर. दुसऱ्या चाचणीत ९५ मिनिटं बसला आणि रक्तदाब १३० च्या खाली गेला नाही. सीट पक्की झाली. ती निवडताना डावी-उजवीही बघायची: लुळी बाजू भिंतीकडे, धड बाजू सोबत्याकडे. उलट केलं तर धडक्या हाताला धरायला काही सापडत नाही आणि सोबत्याला सलाइनसाठी लुळाच हात मिळतो.

ऑक्सिजनचा हिशोब

विमानातली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो. ८,००० फुटांचा दाब साधारण ५६५ मिलिमीटर पारा, म्हणजे जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखं. निरोगी माणसाचं सॅच्युरेशन ९०-९३ वर येतं आणि त्याला कळतही नाही. नुकताच पक्षाघात झालेल्या मेंदूला ही सवलत द्यायची नसते, म्हणून लक्ष्य ९४ किंवा त्याहून वर ठेवलं.

अमेरिकेतून निघणाऱ्या विमानात स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही. पर्याय दोन: विमान कंपनीचे सिलिंडर किंवा हवेतला ऑक्सिजन गाळून देणारं बॅटरीवरचं कॉन्सन्ट्रेटर. कॉन्सन्ट्रेटरच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या असाव्या लागतात आणि सीटजवळच्या प्लगवर हिशोब करायचा नसतो. पहिल्या उड्डाणाच्या १४ तासांचे झाले २१ तास. यंत्र श्वास ओढला की झोत सोडतं, त्याला पल्स मोड म्हणतात, त्यात बॅटरी बरी टिकते. सलग प्रवाहात तीच बॅटरी निम्मीही टिकत नाही. आणि या रुग्णाला सलग प्रवाहच हवा होता. कारण साधं आहे: तो झोपेत तोंड उघडं टाकून श्वास घेतो. नाकातून पुरेशी ओढ लागली नाही की पल्स मोडचं यंत्र झोत सोडतच नाही. दिवा हिरवा, बॅटरी भरलेली, आणि सॅच्युरेशन ८८. वॉर्डात रात्री तासभर यंत्र लावून पाहिलं तेव्हाच हे उघड झालं.

म्हणून हवेत विमानाचे सिलिंडर, जमिनीवर कॉन्सन्ट्रेटर अशी वाटणी केली. विमानातला नेहमीचा सिलिंडर सुमारे ३१० लिटरचा. मिनिटाला २ लिटरने १५५ मिनिटं. पहिलं उड्डाण ८४० मिनिटांचं, म्हणजे सहा सिलिंडर, वर दोन राखीव. दुसरं उड्डाण २३० मिनिटांचं. महिना जुलैचा आणि उतरायचं गोव्यात. पावसामुळे घिरट्या किंवा मुंबई-बेंगळुरूला वळवणं यासाठी आणखी पावणेदोन तास धरले: ३३५ मिनिटं, तीन सिलिंडर, मागितले चार.

मेडिफ अर्जात, म्हणजे आजारी प्रवाशासाठी विमान कंपनीला द्यायच्या वैद्यकीय अर्जात, हे सगळं स्पष्ट लिहिलं, मंजुरी आली. पण निघण्याच्या ४० तास आधी आरक्षणाची नोंद ओळीओळीने वाचली तेव्हा ऑक्सिजन फक्त पहिल्या उड्डाणापुढे दिसला. दुसऱ्यापुढे व्हीलचेअर होती, ऑक्सिजन नव्हता. 'मंजूर' हा शब्द वाचून फाइल मिटणाऱ्यांना हे मधल्या विमानतळावर दारात कळतं आणि तिथून पुढे करण्यासारखं काही नसतं.

दुसरी चूक मात्र पथकाचीच. विमानातल्या सिलिंडरचं तोंड मास्कच्या फिरवून बसवायच्या जोडाचं असतं. नाकात लावायची साधी कॅन्युला त्यावर बसत नाही, मधे अडॅप्टर लागतो. तो मोठ्या बॅगेत होता आणि मोठी बॅग वरच्या कप्प्यात, सीटबेल्टचा दिवा पेटलेला. पहिली पन्नास मिनिटं विमानाचा मास्कच लावावा लागला. रुग्ण डाव्या हाताने तो चार वेळा ओढून काढत होता, दर वेळी सॅच्युरेशन ८९-९० वर. वीस ग्रॅमचा तुकडा. आता तो कॅन्युलाच्या पाकिटालाच चिकटपट्टीने लावलेला असतो.

बॅगेत काय होतं, काय मुद्दाम नव्हतं

मॉनिटर, घशातला कफ ओढणारे हाताने चालणारा आणि बॅटरीवर चालणारा असे दोन सक्शन, अँबू बॅग (दाबून श्वास देणारी पिशवी), तीन मापांचे एअरवे (श्वासाची वाट मोकळी ठेवणाऱ्या नळ्या), ग्लुकोमीटर, सलाइन लॉकसाठी २० नंबरच्या सुया, नळीने द्यायचा आहार २०० मिलिलिटरचे सहा पॅक, पीएच पट्ट्या, एनीमाचं साहित्य (लागलं नाही, पण चौदा तासांत लागू शकतं). सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, टोकांवर पट्टी लावून. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा प्रश्न येत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या दोनच चालतात. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९७.९. सुरक्षा तपासणीत हा गुणाकार कागदावर तयार असला की दहा मिनिटं वाचतात.

ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फीन बॅगेत नव्हतं. मधला थांबा आखातात होता आणि तिथे या औषधांचे नियम कडक. वेदना पॅरासिटामॉलने आवरण्यासारख्या असतील तर हा धोका घ्यायचा कशाला? झोपेचं औषधही टाळलं. गुंगीत गेलेल्या रुग्णाचा मेंदू बिघडतोय की औषध काम करतंय हे ३६,००० फुटांवर ठरवता येत नाही.

मांडीपर्यंतचे घट्ट मोजेही नव्हते. लांबच्या विमानप्रवासात ते सगळेच सुचवतात, पण पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या २००९ च्या मोठ्या चाचणीत त्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, कातडीला इजा मात्र झाल्या. त्याऐवजी गुठळ्या रोखणारं रोजचं ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन चालू ठेवलं, जागेपणी दर तासाला घोटे-गुडघे हलवले आणि दोन तासांनी कूस बदलली.

दोन घड्याळं

मियामी आणि गोवा यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. नोंदी सगळ्या यूटीसीत, म्हणजे वैमानिक वापरतात त्या जागतिक वेळेत. दिवसभर पुरणारं ग्लार्जिन इन्सुलिन तो मियामीत रात्री १० ला घेत होता. यूटीसीत ०२:००, गोव्यात सकाळचे ७:३०. चोवीस तासांचं अंतर तसंच ठेवलं की डोस आपोआप सकाळचा होतो, हलवायला काहीच नको. पुष्कळदा लोक उगाच 'भारताच्या रात्री १० ला' डोस ओढायला जातात आणि साखर एकदा तळाला, एकदा माथ्याला नेतात.

आहार दर चार तासांनी: ०२:३०, ०६:३०, १०:३०. उड्डाणाआधी अडीच तास आणि उतरण्याआधी दोन तास नळीतून आहार नाही. वर गेल्यावर पोटातली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते, वर भरलेलं पोट असेल तर ते छातीकडेच येणार. प्रत्येक वेळी नळीवरची नाकपुडीजवळची खूण (५८ सेंटिमीटर) आणि नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा खाली, म्हणजे नळी पोटातच आहे, मगच पहिला थेंब. पाठ निदान ३० अंश वर, आहारानंतर तासभर तशीच.

०९:४० ची नोंद

नऊ तास झाले होते. केबिन काळोखात. डॉक्टर विश्रांतीला, नर्स जागी. रुग्ण अचानक तळमळू लागला. डावा हात पांघरुणावर आपटतो, पाय झाडतो, घाम. रक्तदाब १८२/९८, नाडी ११०. 'दुखतं?' तर मान हो. 'दुखत नाही?' तरी मान हो.

पक्षाघात झालेल्या माणसाचा रक्तदाब चढला आणि तो तळमळतोय, म्हणजे पुन्हा मेंदू, हे मनात येणं साहजिक. पण क्रम ठरलेला हवा आणि त्यात मेंदू शेवटी. श्वास: सॅच्युरेशन ९४, सिलिंडरचा काटा मध्यावर, कॅन्युला जागेवर. साखर: १३२. बाहुल्या सारख्या, डावी बाजू पूर्वीसारखीच जोमात. मग लघवी. पिशवीत ०७:३० ला होती तेवढीच, दोन तासांत काही वाढ नाही. नळीवरून बोट फिरवत गेल्यावर सापडलं: ०७:४५ ला सीट पुन्हा सपाट केली तेव्हा कॅथेटरची नळी पाय ठेवायच्या पट्टीच्या सांध्यात चिमटली होती. सीट दोन बोटं वर घेतली, नळी सुटली, दहा मिनिटांत ६५० मिलिलिटर उतरली. पावणेदहा-दहाला रक्तदाब १४८/८६ आणि रुग्ण झोपी गेलेला.

वाचा शाबूत असती तर 'लघवी अडकली' एवढं म्हणाला असता आणि प्रकरण अर्ध्या मिनिटात संपलं असतं. म्हणून बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या प्रत्येक नळीचा मार्ग सीट हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर बोटाने तपासायचा, डोळ्याने नाही. अंधारात पांघरुणाखाली डोळ्याला काय दिसणार?

संवादासाठी चित्रांचा तक्ता केला होता: तहान, श्वास, दुखणं, शी, लघवी, थंडी, उकाडा. खाली शब्द देवनागरीत. घरात कोंकणी, पण प्राथमिक शाळा मराठी, म्हणून वाचायची अक्षरं मराठीची. मियामीत दिलेला इंग्रजी तक्ता त्याने पाहून बाजूला सारला होता. कामावर तो इंग्रजी बोलायचा, मात्र अशा आघातानंतर कामापुरती शिकलेली भाषा बरेचदा मागे पडते. तळमळीच्या वेळी तक्ताही चालला नाही. शांत असताना तो 'तहान' आणि 'थंडी' बोटाने बरोबर दाखवत होता, घाबरल्यावर बोट कुठेही पडत होतं. तेव्हा तक्ता हा सोयीचा, निदानाचा नाही.

आणखी एक. पाणी हा शब्द ज्याला सापडत नव्हता तो दोनचा पाढा सोळापर्यंत म्हणत होता. पाढे, वार, आरत्या हे पाठांतर मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतं. ते ऐकून नातेवाइकांना वाटतं बोलणं परतलं, आणि मग 'आमच्याशीच का बोलत नाही' असं मनाला लागतं. बायकोला फोनवर हे आधी समजावून सांगितलं होतं. पथकाला त्याचा उपयोग वेगळा: दर दोन तासांनी पाढा म्हणायला लावायचा. कालपर्यंत येणारा पाढा अडला तर ती मेंदूबद्दलची खरी सूचना.

मधला थांबा

इथे विमान कंपनीचा ऑक्सिजन विमानातच राहतो. दारापासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत जे आहे ते आपलं. साडेतीन तासांच्या थांब्यासाठी कॉन्सन्ट्रेटरच्या बॅटऱ्या भरून ठेवल्या होत्या, जागेपणी पल्स मोड चालला, सॅच्युरेशन ९५-९६. विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षात खाट मिळाली, पाठ-टाचा पाहिल्या, डाव्या टाचेवर लाली होती ती मोकळी करून ठेवल्यावर वीस मिनिटांत गेली.

कक्षातल्या नर्सने साखर तपासून कागदावर ९.४ लिहिलं. तिथे मोजमाप मिलिमोलमध्ये, १८ ने गुणलं की आपल्याकडच्या मिलिग्रॅममध्ये १६९. पथकाने ते तिथेच गुणून स्वतःच्या तक्त्यात घेतलं. न गुणता तो कागद गोव्यापर्यंत आला असता तर कुणीतरी ९४ वाचलं असतं आणि इन्सुलिन रोखलं असतं.

मोपावर, पहाटे

मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ठरल्या वेळी ०३:२० ला गाठायचा होता. पेडण्यावर मुसळधार पाऊस, विमान समुद्रावर ३५ मिनिटं फिरत राहिलं. सिलिंडर दुसरा, काटा एक तृतीयांशाच्या खाली, तिसरा जोडून तयार. मागितलेले चार जास्त झाले असं म्हणणाऱ्यांनी ही ३५ मिनिटं बेंगळुरूत कशी संपली असती ते मोजून पाहावं.

०३:५५ ला उतरलं. सगळे प्रवासी उतरले, अँब्युलिफ्टला (रुग्णाला विमानाच्या दारातून खाली उतरवणारी उचलगाडी) आणखी पाऊण तास. या काळात केबिनचं वातानुकूलन मंदावतं, सफाईवाले चढतात आणि विमान कंपनीचे लोक अदबीने सिलिंडर परत मागतात. तो अँब्युलिफ्ट दाराला टेकेपर्यंत द्यायचा नाही. जमिनीवर दाब पूर्ववत असतो, तरी सव्वीस-सत्तावीस तास प्रवासात असलेल्या, पालथ्या-सुलट्या झालेल्या छातीला एवढी मुभा द्यायला हरकत नाही.

खाली खासगी आयसीयू रुग्णवाहिका. १०८ ही तातडीच्या सेवेची, ठरवून केलेल्या स्थलांतरासाठी तिला गुंतवायचं नसतं. मात्र वाटेत बिघडलंच तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) हा दुसरा पत्ता चालकाजवळ लिहून दिलेला होता. विमानतळाच्या आतल्या आवारात गाडी येण्याची परवानगी आदल्या दिवशी, चालक आणि परिचारक दोघांच्या ओळखपत्रांसह. ऐनवेळी चालक बदलला की गाडी फाटकावरच थांबते.

गाडीत मियामीहून आणलेली रबरी नळी ऑक्सिजनच्या भिंतीतल्या तोंडाला बसेना. अमेरिकेतले जोड वेगळे, इथले वेगळे. रंगही वेगळा: तिकडे ऑक्सिजनचा सिलिंडर हिरवा, इथे काळा आणि खांदा पांढरा. थकलेला माणूस हिरवं शोधत बसतो. फ्लोमीटरला लावायचा साधा निमुळता नॉझल खिशात असला की जगातल्या कुठल्याही कॅन्युलेला पुरतो. तो होता. ०५:०५ ला गाडी सुटली, पावसात पणजी परिसरातल्या रुग्णालयात ०६:१०. मियामीच्या खाटेवरून निघाल्यापासून २८ तास ४० मिनिटं.

सुपूर्दनामा

सगळ्यात महागात पडली असती अशी चूक इथे होती आणि ती तक्त्यातच होती. एनॉक्सापॅरिनपुढे लिहिलेलं: 'शेवटचा डोस २२:००'. तारीख पानाच्या माथ्यावर, वेळ यूटीसी. खाटेजवळच्या नर्सने ते काल रात्रीचे दहा असं वाचलं, कुणीही तसंच वाचेल. आठ तास झाले, पुढचा डोस आज रात्री दहाला. प्रत्यक्षात शेवटचा डोस आदल्या दिवशी पहाटे ३:३० चा, त्याला २६ तास ४० मिनिटं उलटली होती. रात्री दहापर्यंत थांबलं असतं तर साडेबेचाळीस तासांची फट, तीही इतक्या लांब प्रवासानंतर, लुळ्या पायाला. खाटेजवळ औषधं एकेक करून तोंडी वाचली म्हणून ते पकडलं गेलं. डोस ६:३० ला दिला. तेव्हापासून सुपूर्द करायच्या कागदावर यूटीसी नसतेच: फक्त भारतीय वेळ, प्रत्येक ओळीत तारीख, आणि शेजारी 'पुढचा डोस कधी'. यूटीसी आतल्या तक्त्यात राहते.

औषधांची नावंही उतरवून घ्यावी लागतात. मियामीच्या कागदावर अ‍ॅसिटामिनोफेन, इथे पॅरासिटामॉल. तिथे अल्ब्युटेरॉल, इथे साल्ब्युटामॉल. अ‍ॅसिटामिनोफेन हे नाव न ओळखून वर क्रोसिन, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच, लिहिली की दुप्पट डोस. स्कॅनच्या सीडी दोन प्रतींत, आणि इथल्या संगणकावर उघडतात का हे निघण्याआधीच एकदा पाठवून पाहिलेलं.

बायको आणि धाकटा भाऊ दारात होते. त्यांच्या हाती रुग्णालयाच्या फाइलपेक्षा वेगळा एक जाड लिफाफा दिला, कारण तो हरवला तर भरून निघत नाही: पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), जहाजावरच्या डॉक्टरची पहिली नोंद, मियामीचा सारांश, आणि आजाराचा पहिला दिवस स्पष्ट लिहिलेलं पत्र. सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (भारताने तो २०१५ साली स्वीकारला) उपचारांचा खर्च जहाजमालकाकडे असतो. झेंड्याच्या देशाचा, म्हणजे जहाज जिथे नोंदलं आहे तिथला, कायदा त्याला मर्यादा घालू शकतो, पण सोळा आठवड्यांच्या आत नाही. तो हिशोब घरी पोचल्याच्या तारखेपासून होत नाही, आजार सुरू झाला त्या दिवसापासून होतो. इथे त्यातले पावणेचार आठवडे मियामीतच गेले होते. भावाने लिफाफ्यावर पेनने तारीख लिहून घेतली आणि विचारलं, 'फिजिओची बिलं यातच घालायची ना?' हो, मूळ प्रती, रोजच्या रोज, आणि एजंटला द्यायची ती झेरॉक्स.